राक्षसिणीची मुलाखत

माझ्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्याशेजारी एक प्रमाणपत्र टांगलेलं आहे. ‘प्रसारमाध्यमे : कायदा आणि नीतिमूल्ये’ या एका दिवसाच्या कार्यशाळेला मी हजर होते, असं त्यावर छापलंय. हजर होते हे खरं. कायदा शिकले हेही खरं. नीतिमूल्यं मात्र जेवणानंतर होती आणि जेवणात श्रीखंड-पुरी होती, त्यामुळे त्या भागाबद्दल मी छातीठोकपणे काही सांगणार नाही. प्रमाणपत्राला लॅमिनेशन मीच केलं. मशीन घरचंच आहे.

मी जव्हारात फोटो स्टुडिओ चालवते. लग्नं, बारशी, जातीच्या दाखल्याचे फोटो, शाळेचे ग्रुप फोटो. मूळची नाशिककडची, लग्न होऊन इथे आले. आता केस पांढरे व्हायला लागले तरी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या मला अजून ‘नवीन बाई’च समजतात. फोटोच्या जोडीला मी जिल्ह्यातल्या एका चॅनलला बातम्या पाठवते. चॅनल म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. दोन खोल्या, एक निवेदक, त्याचा कोट आणि खाली त्याचीच हाफ पँट, आणि एक संपादक. संपादक माझ्याशी बोलताना कायम दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतो. हे सगळं मोबाइलवर दिसतं. मला त्यांनी माइकला बसवायला चॅनलच्या नावाचा थर्माकोलचा ठोकळा दिला होता. मोखाड्याच्या बाजारात एका शेळीने त्याचा कोपरा खाल्ला. तेव्हापासून तेवढा भाग मी अंगठ्याने झाकून धरते.

कार्यशाळेत शिकवायला आलेले गृहस्थ हळू आवाजात बोलायचे, त्यामुळे सगळं फार गंभीर वाटायचं. माहिती देणाऱ्या माणसाची ओळख फुटली तर त्याचा संसार उद्ध्वस्त होऊ शकतो, म्हणाले. त्याचा चेहरा दाखवू नका, घर दाखवू नका, आवाज बदला, आणि दिलेला शब्द मोडू नका. मला ते एकदम पटलं. मी तापट आहे, पण शब्दाची पक्की आहे. परत येताना बसमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं की आपल्या तालुक्यात आता कुणाची ओळख फुटू द्यायची नाही.

ठरवणं सोपं होतं. चेहरा धूसर करायला मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं. पहिला प्रयोग केला तो एस.टी. वेळेवर येत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांवर. ते बोलत होते आणि मागून एक कोंबडा चालला होता. ॲपला काय वाटलं कोण जाणे, धूसरपणा गृहस्थांच्या तोंडावरून उडाला आणि कोंबड्याच्या तोंडावर जाऊन बसला. कोंबडा जिकडे जाईल तिकडे तो गेला. बातमी चालली तेव्हा गृहस्थ लख्ख दिसत होते आणि कोंबड्याची ओळख शेवटपर्यंत गुप्त राहिली. लोक मला अजून विचारतात, त्या कोंबड्याला धमक्या येत होत्या का. मी त्यांचे पासपोर्ट फोटो मुद्दाम वाईट काढते.

याच सुमारास, उन्हाळ्यात, खोडाळ्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक शेतकरी स्टुडिओत आला. त्याच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, त्याचं शूटिंग सांगायला. भात-नागली करणारा, हळू बोलणारा माणूस. आधी पायातल्या चपला बाहेर काढल्या, मग बाकड्याच्या कडेला बसला. लग्नाचं बोलणं झालं तरी उठेना. मी विचारलं, काही राहिलंय का. तेव्हा त्याने पाण्याचं सांगितलं.

पाड्याची विहीर आटली की सरकारी टँकर येतो आणि विहिरीत पाणी सोडतो. त्या वर्षी टँकर येत होता, पण यायचा तो निम्माच भरलेला. बाकीचं पाणी वाटेत उतरत होतं. रस्त्याकडेला एक नवा बंगला उभा राहत होता, त्याच्या स्लॅबवर सिमेंटची आळी करून पाणी तुंबवलेलं होतं. पाड्यावरच्या बायका हंडे घेऊन विहिरीवर बसायच्या आणि स्लॅब वरती मजेत पाणी पीत पडलेला असायचा. कुंपणानेच शेत खाल्लं तर सांगायचं कुणाला. कारण टँकर ज्याचा होता त्याचाच बंगला होता, आणि तो माणूस दुसरा-तिसरा कुणी नव्हता, या शेतकऱ्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता. म्हणजे होणाऱ्या नवरीचा मामा.

आता अडचण लक्षात घ्या. नवरीला मांडवात आणायचं ते मामाने. हा एकच मामा. लहानपणी पोरीला खांद्यावर बसवून त्याने सगळा बाजार फिरवलेला. त्याला कळलं की पाण्याची तक्रार दाजींनी केली, तर तो लग्नाला यायचा नाही. तो आला नाही तर पोरगी रडत मांडवात जाणार आणि बायको जन्मभर ऐकवणार. आणि तक्रार केलीच नाही तर लग्नाला येणारे पाहुणे पिणार काय? बिचाऱ्याने मला हे सगळं इतक्या शांतपणे सांगितलं की मलाच संताप आला. मी म्हटलं, तुम्ही बोला, तुमची ओळख फुटणार नाही, हा माझा शब्द. पडद्याशेजारचं प्रमाणपत्रही दाखवलं.

तो म्हणाला, चेहऱ्याचं काय?

माझ्या डोळ्यांपुढे कोंबडा आला. म्हटलं, ते मशीनवर सोडायचं नाही. तुम्हीच तोंड झाकून या. नीट झाका. मला वाटलं, आणेल एखादा टॉवेल, फार तर बायकोची ओढणी. त्याने थोडा विचार केला, मान डोलावली आणि म्हणाला की हाय माझ्याकडं.

ठरल्या दिवशी मी जीपने गेले आणि पाड्यापासून लांब एका मोहाच्या झाडाखाली थांबले. घर दाखवायचं नाही, विहीर दाखवायची नाही, सगळं कार्यशाळेबरहुकूम. तो करवंदीच्या जाळीमागून आला. डोक्यावर टोपली, टोपलीवर जुनं लुगडं. टोपली खाली ठेवली, लुगडं सोडलं, आतल्या वस्तूला हात जोडले आणि ती उचलून डोक्यावर चढवली. तो बोहाड्यातला राक्षसिणीचा मुखवटा होता.

आमच्या भागात बोहाडा ठाऊक नाही असा माणूस नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. होळीनंतर गावोगाव जगदंबेचा उत्सव होतो. देवांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. एकेका मुखवट्याला सोंग म्हणतात. हे सोंग मात्र भलतंच होतं. कागदाच्या लगद्याचं, घागरीहून मोठं, डोळे वटारलेले, गाल शेंदरी, बाहेर आलेल्या सुळ्यांपैकी एक तुटलेला, आणि तोंडातून लाल कापडाची जीभ निघालेली, ती थेट बेंबीपर्यंत. खाली स्वच्छ पांढरा सदरा आणि खिशाला पेन.

मी बघतच राहिले. मग वाटलं, चेहरा तर झाकला गेला, अगदी मानेपर्यंत. आवाजही मुखवट्यात घुमून बदलला होता. कार्यशाळेतल्या गृहस्थांनी काय झाकायचं ते सांगितलं होतं, कशाने झाकायचं ते सांगितलं नव्हतं. मी ठोकळा पुढे धरला, कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि चित्रीकरण सुरू केलं.

राक्षसीण फार मुद्देसूद बोलली. टँकर किती वाजता येतो, वाटेत कुठे थांबतो, स्लॅब कुठे आहे, विहिरीवर किती पाणी पोचतं. फक्त जीभ सारखी वाऱ्याने उडून मुखवट्याच्या तोंडात जायची. मग राक्षसीण थांबायची, जीभ बाहेर काढून नीट करायची आणि पुढचा मुद्दा मांडायची. शेवटी ती म्हणाली, ‘प्रशासनानं याकडं लक्ष देवावं, ही नम्र इनंती.’ आणि हात जोडले. मागे एक गाय उभी होती. ती शेवटपर्यंत हलली नाही.

बातमी गेली आणि जी उधळली ती आवरेना. आमच्या पाण्याच्या बातम्या तशा दरवर्षी होतात. चैत्र लागला की मोठमोठे कॅमेरे येतात आणि विहिरीवरच्या बायकांचं चित्रीकरण करतात. बायका आता इतक्या सरावल्या आहेत की स्वतःच विचारतात, चढ एकदाच चढायचा की पुन्हा उतरून दाखवायचं, आणि हंडा प्लास्टिकचा चालेल का पितळेचा आणू. ते सगळं लोक बघतात, हळहळतात आणि पुढे सरकवतात. राक्षसिणीला मात्र कुणी पुढे सरकवलं नाही, सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं.

पाहिलं, पण पाण्याचं कुणी ऐकलं नाही. कुणीतरी ‘नम्र इनंती’ला ढोलकी लावली, त्यावर शहरातल्या पोरी जीभ बाहेर काढून नाचल्या. एका वाहिनीने ही अंधश्रद्धा आहे का, यावर चार माणसं बसवून भांडण लावलं. दुसरीने भयपट असतो तसं संगीत घालून ‘पालघरच्या जंगलात काय दिसलं’ असं दाखवलं आणि ती गाय गूढ असल्याचं सांगितलं. ठाण्याहून एका कपड्याच्या दुकानाचा मला फोन आला, राक्षसीणताई उद्घाटनाला येतील का. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहीत नाही. संपादक मात्र खुश होता. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी बोलताना फक्त माझ्याशीच बोलला.

मी पाण्यासाठी चिडत होते, पण एका गोष्टीने निवांत होते. ओळख फुटलेली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या बाजाराला मी मोखाड्याला गेले. नागली विकायला बसलेल्या एका म्हातारीने मला जवळ बोलावलं आणि मुलाखत छान झाली म्हणाली. वर अगदी सहज विचारलं, पोरीच्या लग्नाची तयारी झाली का त्याची? मी म्हटलं, कुणाची? म्हातारी माझ्याकडे बघून हसली. मग शेजारचा सुकटवाला हसला. त्याच्या शेजारची मिरचीवाली हसली. मग मला सगळं समजावून सांगण्यात आलं, एखाद्या खुळ्या पाहुण्याला सांगतात तसं. सोंगं ही घराण्याची असतात. ज्या घरात जे सोंग चालत आलं तेच त्या घरातला माणूस घालतो, बापामागे मुलगा. राक्षसीण या बाजूला एकाच घरात आहे. आणि तुटका सुळा तर पोरासोरांनाही पाठ आहे, तो नवरीच्या आजोबांच्या हातून पडला होता.

म्हणजे मी ज्याचा चेहरा झाकला होता त्याच्या डोक्यावर, तुम्हाला कळावं म्हणून सांगते, त्याच्या घराचा पत्ता चढवला होता. जव्हारापासून खोडाळ्यापर्यंत ज्याला ज्याला डोळे होते त्याने त्याला ओळखलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी भाजीची पिशवी म्हातारीपाशीच टाकली आणि मिळेल त्या जीपला लटकून पाडा गाठला.

मला वाटलं होतं, घरात रडारड असेल. नवरीचा बाप अंगणात मांडवाच्या मेढी तासत होता. नवरीची आई तांदूळ निवडत होती. मी धापा टाकत सांगितलं की सगळ्यांनी ओळखलंय. तो म्हणाला, हो, ओळखणारच. मी म्हटलं, अहो, मग मुखवटा घातलात कशाला? तो माझ्याकडे जरा दयेने बघत राहिला आणि मग त्याने मला त्यांचा कायदा सांगितला.

सोंग अंगावर चढलं की त्या पाड्यावर त्या माणसाला कुणी नावाने हाक मारत नाही आणि नात्याने बोलत नाही. बायकोही नाही. त्या वेळी तो नवरा नसतो, बाप नसतो, दाजी नसतो, सोंग असतो. सोंग नाचताना कुणाच्या पायावर पाय पडला तर उद्या त्याचं भांडण काढायचं नाही. सोंगाने केलेलं आणि बोललेलं माणसाच्या पदरात बांधायचं नाही. आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि म्हणूनच कुणी म्हणत नाही. मी त्याला शब्द दिला होता की कुणी तुमचं नाव घेणार नाही. त्याला वाटलं, ह्या बाईला आपला कायदा माहीत दिसतो.

मी कपाळाला हात लावला. आमच्या कायद्यात माणूस कुणाला ठाऊक नसतो म्हणून वाचतो. यांच्यात सगळ्यांना ठाऊक असून वाचतो. कुठला बरा, हे कार्यशाळेत विचारायला हवं होतं.

आणि त्यांचा कायदा चाललाही होता. आदल्या दिवशी कचेरीतून एक साहेब चौकशीला येऊन गेले होते, ते नवरीच्या आईने हसत सांगितलं. साहेबांनी घरोघर विचारलं की त्या व्हिडिओत बोललं कोण. सगळ्यांनी एकच सांगितलं, राकशीन. साहेब म्हणाले, तिला बोलवा. लोक म्हणाले, ती होळीनंतर येते. साहेबांनी विचारलं की एरवी कुठे राहते, तर एका आजोबांनी सांगितलं की टोपलीत. साहेबांनी पंचनाम्यात काय लिहिलं माहीत नाही, पण जाताना ते घाम पुसत होते आणि त्यांना पाणी हवं होतं. त्यांना विहीर दाखवण्यात आली.

पण मामा? मी विचारलं. मामा हा पाड्यावर वाढलेला असला तरी आता रस्त्याकडेच्या बंगल्यातला झाला होता, जीपवाला झाला होता. त्याला हा कायदा अजून लागू होता की नव्हता? नवरीच्या बापाचा तासणीवरचा हात तिथे थांबला. म्हणाला, त्याचीच काळजी हाय. इतके दिवस झाले, अजून आला नाय.

बोलाफुलाला गाठ पडते ती अशी. वळणावर धूळ उठली आणि मामाची जीप दिसली. नवरीच्या बापाने तासणी टाकली आणि माणूस घरात पळाला. मला वाटलं मागच्या दाराने रानात गेला. मामा जीपमधून उतरला, धाडकन दार लावलं आणि ‘दाजी’ अशी हाक त्याच्या तोंडातून निम्मी बाहेर आली तेवढ्यात पडवीत राक्षसीण येऊन बसली. मांडी घालून. जीभ नीट मांडीवर ठेवून.

निम्मी हाक मामाने गिळली. ती गिळताना मला दिसली.

नवरीची आई उठली. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. तिने हळदकुंकू आणलं, मुखवट्याला लावलं आणि भावाकडे बघत बाजूला उभी राहिली. आजूबाजूच्या घरांतून माणसं येऊन कुडाला टेकली. मामाने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे पाहिलं, मग चपला काढल्या, पुढे झाला आणि राक्षसिणीपुढे हात जोडले.

मी पत्रकार आहे. माझा मोबाइल हातात होता आणि माझ्यापुढे अशी बातमी बसली होती की निवेदकाने कोटाखाली पूर्ण पँटसुद्धा घातली असती. मी मोबाइल वर करते न करते तोच नवरीची आई म्हणाली, ‘बाई, तूबी हात जोड.’ आता मोबाइल धरून हात जोडता येत नाहीत, हे कुणीही करून बघावं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

मामा राक्षसिणीशी बोलू लागला. ‘राकशीनबाय, माझ्या दाजीला सांग. घरातली गोष्ट घरात बोलायची व्हती.’

‘सांगते,’ राक्षसीण म्हणाली.

‘आन् त्याला इचार, माझ्याकं येऊन सांगायला त्याला तोंड नव्हतं का?’

राक्षसिणीची जीभ तोंडात गेली होती, ती तिने काढली. ‘तोंड व्हतं. आला व्हता तो तुझ्याकं, दोनदा. तू त्याला च्या पाजलास आन् नवा जिना दाखवलास.’

कुडाशी कुणीतरी खोकलं. मामा खाली बघू लागला. तो जिना मी पुढे पाहिला, आहे चांगला. पण त्या क्षणी त्या माणसाला त्या जिन्याची लाज वाटली, हे मला स्पष्ट दिसलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याचा राग आला नाही. लाखो डोळ्यांनी ती मुलाखत पाहिली असेल. त्यातला एकेक मुद्दा नीट ऐकलेला माणूस हा एवढा एकटाच होता. आतला माणूस घरचा असल्यामुळे त्याला जीभ दिसलीच नव्हती.

तेवढ्यात नवरी बाहेर आली. इतका वेळ ती दाराआड होती. मामाकडे तिने पाहिलंच नाही, सरळ मुखवट्यापुढे बसली आणि स्वतःच्या बापाला म्हणाली, ‘राकशीनबाय, माझ्या मामाला इचार, मना मांडवात कोन आननार हाय?’

राक्षसिणीने विचारलं नाही. मुखवटा नुसता हलत होता.

मामाने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि राक्षसिणीला सांगितलं, ‘तिला सांग, तुझा मामा अजून मेला नाय.’

मी सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याच नव्हे, सगळ्यांच्या. पण नवरीची आई कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने त्या ओल्यातच पेरून घेतलं. म्हणाली की पाहुणे आले तर पितील काय, तेबी एकदा इचारून घे. मामा म्हणाला, टँकर येईल. राक्षसिणीला एकदम कंठ फुटला. भरलेला? तिने विचारलं. भरलेला, मामा म्हणाला. आणि लग्नानंतर? लग्नानंतरही. कुडाशी बसलेल्या आजोबांनी नारळ पुढे केला आणि तो मामाच्या हाताने फुटला. राक्षसीण उठून आत गेली. थोड्या वेळाने नवरीचा बाप घामाने भिजलेला बाहेर आला आणि मेव्हण्याला म्हणाला, कधी आलास? मामा म्हणाला, हा काय आताच. दोघे चहा प्यायला बसले.

आता मामाने पोटात साठवून आणलेल्या एवढ्या शिव्यांचं काय व्हायचं? त्या मला मिळाल्या. निघताना तो मला म्हणाला, ‘बाई, सोंगाशी माझं भांडन नाय. पन तुझ्या तोंडावर तं काय नव्हतं.’ आणि सुरू झाला. मीही काही ऐकून घेणारी नाही. मी त्याला स्लॅबपासून धरला. परतीची जीप नव्हती, म्हणून त्याने मला रस्त्यापर्यंत त्याच्याच गाडीतून सोडलं, आणि आम्ही त्या सगळ्या वाटेने भांडत गेलो. खड्डा आला की तो गाडी हळू करायचा, बाई, धरून बसा म्हणायचा आणि पुन्हा भांडायला लागायचा.

लग्नाच्या दिवशी मी शूटिंगला गेले. जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता. मामा टँकर घेऊन आला, स्वतः चालवत. पुढच्या काचेवर आंब्याच्या पानांचं तोरण, टाकीवर हळदीचे पंजे, आणि पाणी इतकं काठोकाठ की वळणावर वरून सांडत होतं. बायकांनी विहिरीवर टँकरचीच आरती केली. मग मामाने भाचीला हाताला धरून मांडवात आणलं. तिने त्याचा हात असा घट्ट पकडला होता की धवलेरी, म्हणजे आमच्याकडची लग्न लावणारी बाई, गाणं थांबवून म्हणाली, आता सोड, लग्न दुसऱ्याशी हाय.

जेवणं झाल्यावर मामा माझ्याकडे आला. त्या दिवशी पडवीतलं शूटिंग केलंस का, विचारलं. नाही म्हटलं. का नाही? हात जोडले होते म्हटलं. तो म्हणाला, मग आता कर. टँकरपाशी जाऊन उभा राहिला. तोंड झाकू का म्हणाला. मी म्हटलं, नको. आणि त्या माणसाने उघड्या तोंडाने, स्वतःचं नाव सांगून, कॅमेऱ्यात सांगितलं की पाणी स्लॅबवर जात होतं, ते चूक झालं, आता टँकर थेट विहिरीवर येतो आणि कमी आला तर लोकांनी मला विचारावं. इतकी सरळ बातमी मी आयुष्यात पाठवलेली नाही. अंगठासुद्धा नीट होता.

तिथूनच पाठवली. रेंजसाठी टँकरवर चढावं लागलं. लगेच संपादकाचा फोन आला. तो म्हणाला, ताई, हे कोण काका आहेत? ह्यात काही नाही. लोक राक्षसीण मागताहेत. मी म्हटलं, अहो, पाणी आलं ना. तो म्हणाला, पाणी आलं ही बातमी होत नाही. लग्नात असेल तर बघा ना ती कुठे, तिचाच एक शॉट द्या, नाचताना, नाहीतर जेवताना. दोन मिनिटांचं काम आहे.

मी टँकरवरून खाली पाहिलं. पोरगी सासरी निघाली होती. तिचा बाप टँकरच्या चाकाला टेकून, खिशाला पेन लावलेल्या त्याच पांढऱ्या सदऱ्यात, लहान मुलासारखा रडत होता, आणि मामा त्याला ओंजळीने पाणी पाजत होता.

‘आहे ती इथंच,’ मी संपादकाला सांगितलं, ‘पण तिचं तोंड उघडं आहे. दाखवता येणार नाही.’